सरांनी वकिलाला दिलेला शब्द

बाबा गेल्यानंतरच्या आठवड्यात भेटायला आलेल्या माणसांपैकी एकीनेच कामाचं बोलणं काढलं. तिचं वय सात होतं, पुढचे दोन दात पडलेले होते आणि ती आजोबांचं बोट धरून आली होती.

आजोबा शिंपी. बाबांच्या सगळ्या पँटी त्यांनीच शिवलेल्या. खुर्चीच्या अगदी कडेवर बसून ते समोरच्या भिंतीला सांगत होते, की माणूस कसा सरळ होता, मापाला कधी दोनदा यावं लागलं नाही. नातीने तोवर पाण्याचा पेला संपवला, तो स्टुलावर ठेवला, तोंड पुसलं, आणि आजोबा श्वास घ्यायला थांबले ती संधी साधून माझ्याकडे वळली.

"सरांनी मला एक कबूल केलं होतं. ते आता कोण करणार?"

आजोबांचा चेहरा पडला. पोर लहान आहे, तिला कळत नाही, असं काहीतरी ते पुटपुटले. पोरीने त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात त्यांना सगळं कळतं का असा स्वच्छ प्रश्न होता. मी तिला विचारलं, काय कबूल केलं होतं.

तिने साक्ष दिल्यासारखं सगळं सांगितलं. बाबा आमच्या घरामागच्या प्राथमिक शाळेत खेळाचे शिक्षक होते आणि दुसरी-तिसरीच्या मुलांना बॅटिंग शिकवत. वर्गातल्या प्रत्येकाची बॅट कधी ना कधी चेंडूला लागली होती. हिची लागली नव्हती. एकदाही नाही. तेव्हा सर म्हणाले होते, सुट्टी लागायच्या आधी तुझी बॅट चेंडूला लागणार म्हणजे लागणार. तिने विचारलं होतं, आणि नाही लागली तर? सर म्हणाले होते, तर मी मिश्या काढीन.

बाबांना मिश्या नव्हत्या. हे तिनेच लगेच निदर्शनास आणलं. तेव्हा सर म्हणाले होते, मग आधी वाढवीन आणि मग काढीन, पण शब्द म्हणजे शब्द.

आतल्या खोलीतून एक आवाज आला. आई हसली होती. घरात तो आवाज इतके दिवस आला नव्हता, की मला आधी वाटलं काहीतरी पडलं. मग आई पदर सावरत बाहेर आली, मुलीकडे बघून म्हणाली, "तू वकील ना गं?" मुलीने मान डोलावली. बाबांना नावं लक्षात राहत नसत, ते मुलांना टोपणनावं ठेवत, आणि ती घरी जेवताना आमच्यापर्यंत पोचत. ही वकील. आई माझ्याकडे वळली आणि भाजीत मीठ घाल म्हणावं इतक्या साधेपणाने म्हणाली, "त्यांनी शब्द दिलाय. तू रजेवर आहेसच."

मी एका प्रकाशन संस्थेत मुद्रितं तपासते. माझ्या हातून बॅट शेवटची कधी उचलली गेली असेल तर ती घर झाडताना कोपऱ्यातून बाजूला ठेवायला.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. मुख्याध्यापिका बाई मला पाहून आधी हळव्या झाल्या आणि काम कळल्यावर तितक्याच पटकन सावरल्या. खेळाच्या तासाला त्यांनी तात्पुरतं मूक वाचन लावलं होतं, आणि त्या वाचनाचा आवाज त्यांच्या खोलीपर्यंत येत होता. सुट्टीपर्यंत तास मी घ्यावा, हे त्यांनी माझं वाक्य पुरं व्हायच्या आत मान्य केलं. अट एकच, खिडक्या. बाबांच्या काळात मैदानाच्या बाजूच्या खिडक्यांना काचेऐवजी पत्रा लागला होता, पण बाईंच्या स्वतःच्या खोलीला अजून काच होती आणि त्यांना उजेडात काम करायची सवय होती.

मला जे येत नाही ते मी वाचून काढते. दोन दिवसांत मी फलंदाजीवर मिळेल ते वाचलं. पकड, पवित्रा, डोक्याची स्थिरता, पुढच्या पायावर जाणारं वजन. वाचताना सगळं पटत होतं. पुस्तकातला फलंदाज कधी चुकत नाही, कारण पुस्तकात चेंडू येत नाही.

मैदान म्हणजे शाळेमागचा सिमेंटचा चौक. एका टोकाला मोठ्या फाटकाचा रस्ता, दुसऱ्या टोकाला आमच्या घराची मागची भिंत. यष्ट्यांच्या जागी बाबांनी रंगाचा रिकामा डबा ठेवलेला असे. चेंडू लागला की ठण्ण वाजे. पंच, निर्णय, वाद, कशाची गरज पडत नसे. आमच्या स्वयंपाकघरात तो आवाज स्वच्छ ऐकू येई, आणि आई पोळ्या लाटताना ठण्ण मोजून कोण खेळतंय ते सांगत असे.

मुलांनी मला पाहिलं आणि पहिला प्रश्न पडला तो मला काय म्हणायचं याचा. बाई म्हणावं तर मी शाळेची नाही, ताई म्हणावं तर मी फार मोठी. थोडी चर्चा झाली. शेवटी सरताई ठरलं.

मी त्यांना ओळीत उभं केलं, त्यांच्यासमोर उभी राहिले आणि बॅट धरून दाखवली. डावा कोपर वर, म्हणाले. पुढचा पाय पुढे.

"कुठला पुढचा?" वकिलाने विचारलं.

मी म्हणाले, पुढचा म्हणजे पुढचा.

तिने आपल्या दोन्ही पायांकडे पाहिलं. ते दोन्ही पुढेच होते, असं तिचं म्हणणं पडलं. मागे पाय असलेला माणूस सरताईंनी कुठे पाहिलाय का, हेही तिला जाणून घ्यायचं होतं. वर्ग माझ्या उत्तराची मनापासून वाट बघू लागला.

मी म्हणाले, मी करते तसं करा. तिथेच घोटाळा झाला. समोर उभं राहून मी डावा खांदा पुढे केला, आणि मुलांनी आरशात बघून करावं तसा उजवा केला. काहींनी माझं ऐकलं, काहींनी मला पाहिलं, आणि ज्यांनी दोन्ही केलं ती पडली. तासाच्या शेवटी सगळा वर्ग डावखुरा झाला होता. जी दोन मुलं जन्मतःच डावखुरी होती ती तेवढी उजवी झाली होती आणि त्यांना फार एकटं वाटत होतं. मुख्याध्यापिका बाई व्हरांड्यातून जाता जाता थांबल्या, बराच वेळ बघत राहिल्या, आणि नाच छान बसतोय म्हणून गेल्या.

कोणालाच चेंडू लागत नव्हता. पलीकडे भिंतीवरून आईचं डोकं दिसलं. ती म्हणाली, नुसतं ठण्ण ठण्ण चाललंय, सगळ्या वर्गाला वकिलाची लागण झाली की काय.

तेव्हा एक मुलगा पुढे आला. त्याचं नाव इंजिन. तो गोलंदाजीसाठी फाटकापासून धावत येई, वाटेत तोंडाने आवाज काढी, आणि बऱ्याचदा चेंडू टाकायचं विसरून थेट फलंदाजापर्यंत पोचे. त्याने मला हळूच सांगितलं, की सर असे उभे राहत नसत. सर आमच्याकडे पाठ करून उभे राहत. म्हणजे त्यांचा डावा तो आपला डावा.

मला लहानपणापासून घराच्या मागच्या खिडकीतून बाबांची तीच मूर्ती दिसे. पुढे बाबा, मागे ओळीने मुलं, आणि बाबांची सगळ्यांकडे पाठ. मला वाटे, त्यांना मुलांसमोर संकोच होत असेल. इंजिन म्हणाला, पाठ असली तरी सरांना सगळं कळायचं. मागे कोणी वाकुल्या दाखवल्या तर सर न वळता म्हणायचे, जीभ आत, चेंडू बाहेर.

मग मीही मुलांकडे पाठ केली. समोर भिंत, भिंतीपलीकडे वाळत घातलेले कपडे. आईने बाबांचे दोन शर्ट उगाच धुऊन टाकले होते. मी बॅट धरली आणि तशीच उभी राहिले. मुलांकडे पाठ असणं त्या दिवशी सोयीचं पडलं. मागून वकिलाचा आवाज आला, सरताई नुसत्या उभ्या आहेत, तेही करायचं का? मी म्हणाले, हो, तेही करा. सगळी उभी राहिली. चांगली उभी राहिली, असं इंजिनने मला नंतर कळवलं.

हळूहळू मला वर्गाची भाषा समजू लागली. माझे पुस्तकातले शब्द त्यांनी ऐकलेच नव्हते. बाबांनी त्यांना घरकामाने बॅटिंग शिकवली होती. खेळायला उभं राहायचं म्हणजे बसची वाट बघत उभं राहायचं: गुडघे थोडे सैल, दप्तर दोन पायांत, आणि मान वळलेली जिकडून बस येते तिकडे. पुढे येऊन चेंडू अडवणं म्हणजे दार लावणं, आणि घरात पाहुणे झोपलेत तेव्हा आवाज न करता लावणं. कमरेएवढा चेंडू आला की ओटा पुसायचा. खाली आला तर गुडघा टेकून कॉटखालचा केर काढायचा. एक मुलगी जमेल त्या चेंडूवर केरच काढत असे. तिची आई एकदा शाळेत येऊन विचारून गेली, की घरी ही झाडूला हात लावत नाही, तुम्ही काय करता?

वर्ग परत रुळावर आला. उजवे उजवे झाले, डावखुऱ्यांना पुन्हा आपलं वेगळेपण मिळालं. दारं लागू लागली, ओटे पुसले जाऊ लागले. राहिली वकील.

तिचं बसची वाट बघणं उत्तम होतं. मी इतकी चांगली वाट बघणारं माणूस पाहिलं नाही. इंजिन फाटकापासून निघे, वाटेत शिट्टी देई, चेंडू सुटे, आणि त्या क्षणी वकील दोन्ही डोळे गच्च मिटून घेई. मग बॅट फिरे. ती फार जोरात फिरे, कधी चेंडू यायच्या आधी, कधी तो डब्याला लागून परत निघाल्यावर. ठण्ण झालं की डोळे उघडून ती आधी बॅटकडे, मग डब्याकडे बघे, जणू दोघांपैकी कोणीतरी खोटं बोलतंय.

मी उपाय केले. मोठा चेंडू आणला. तो डब्याला लागला तेव्हा डबाच गडगडत गेला. मग चेंडूवर खडूने अक्षर लिहिलं आणि म्हणाले, येताना वाच कुठलं अक्षर आहे. मला वाटलं, वाचायचं म्हटल्यावर डोळे उघडे राहतील. वकिलाने इंजिनला थांबवलं, चालत त्याच्यापर्यंत गेली, त्याच्या हातातला चेंडू फिरवून पाहिला, परत आली, बसची वाट बघत उभी राहिली आणि शांतपणे डोळे मिटले. ठण्ण झाल्यावर म्हणाली, "म." अक्षर बरोबर होतं. तिला वाचायचं होतं, तिने वाचलं होतं. पुढे काय, असं तिने मलाच विचारलं.

त्या दिवशी तास संपल्यावर मी तिला व्हरांड्याच्या पायरीवर बसवून विचारलं, डोळे का मिटतेस. ती बुटाचा बंद ओढत बसली. मग म्हणाली, चेंडू लांब असतो तेव्हा बघता येतं. अगदी जवळ आला की बघवत नाही.

मी तिच्या शेजारी बसले. थोड्या वेळाने तिचे आजोबा आले, गळ्यात मापाची टेप तशीच. ते म्हणाले, ताई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, पोरीला मी बाहुली घेऊन देतो, ती विसरेल. वकील त्यांना म्हणाली, बाहुली घ्या, पण त्याचा याच्याशी संबंध नाही.

घरी आईने विचारलं, लागली का? मी म्हणाले, नाही. सुट्टी आठवड्यावर आली होती. आई म्हणाली, हे असते तर त्यांना जमलं असतं. मग स्वतःच म्हणाली, कोण जाणे, नसतंही जमलं. त्यांनी वर्षभर काय केलं मग? ती रागावली होती, पण कोणावर, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. शब्द देऊन मोकळे झाले, म्हणाली, आणि गेले. मी भांडी पुसत राहिले. बाबांच्या नावावर काही बाकी राहू नये, एवढंच मला त्या आठवड्यात हवं होतं. घराचे कागद, सायकल, शाळेची किल्ली, सगळं ज्याचं त्याला पोचलं होतं. हे एक उरलं होतं.

वर्गालाही ते कळलं होतं. दुसऱ्या दिवशी मी पाहिलं तर इंजिनने सगळी धाव रद्द केली होती. त्याने उभ्याउभ्या चेंडू टाकला. वकील चुकली. पुढचा त्याने खाली वाकून, जमिनीवरून, झोपलेल्या बाळाकडे खुळखुळा सरकवावा तसा सोडला. चेंडू निघाला, दमला, आणि अर्ध्या वाटेत थांबला.

सगळा वर्ग त्याच्याकडे बघत होता. वकिलाने एक डोळा उघडला, मग दुसरा.

जाऊन मार, कोणीतरी म्हणालं. थांबलाय, मार की. झाडूवाल्या मुलीने सांगितलं, गुडघा टेक आणि काढ. वकील चेंडूपाशी गेली, त्याच्याभोवती फिरली, आणि परत आपल्या जागी आली. हे चालणार नाही, म्हणाली. आजोबांनी टेबलावर ठेवलेली कात्री उचलली म्हणजे कापड बेतलं असं होतं का?

मी डब्याच्या समोरच्या टोकाला, पंचाच्या जागी उभी होते. नियमही माझ्या वाचनात आला होता, थांबलेला चेंडू मेला. तरी मी म्हणाले, चालेल, मार. मला ते संपवायचं होतं.

मग ती माझ्यावर उलटली. बॅट हातात होती, ती तिने बोट नाचवावं तशी नाचवायला सुरुवात केली. सरांनी असं म्हटलं होतं का? सर म्हणाले होते बॅट चेंडूला लागणार, चेंडू बॅटची वाट बघत बसणार असं म्हणाले नव्हते. सरताई पुस्तकं वाचतात ना, मग असं कसं म्हणतात? इंजिनला वाटलं, आता हे चालेल बराच वेळ. तो गेला, थांबलेला चेंडू उचलून मागे आला आणि कंटाळून, कोणाकडेही न बघता, डब्यावरून यष्टिरक्षकाकडे फेकला. वकील तेव्हा माझ्याकडे बघून म्हणत होती, की हे म्हणजे, आणि "म्हणजे" म्हणताना तिने बॅट आडवी फिरवली. फटकन आवाज झाला. चेंडू मागच्या मागे सगळ्यांच्या डोक्यांवरून गेला, भिंत ओलांडून आमच्या परसात पडला.

वर्ग उड्या मारू लागला. पलीकडून आईने चेंडू परत टाकला आणि विचारलं, कोणाचा हा? सगळ्यांनी एका सुरात सांगितलं. आईचं डोकं भिंतीवर तसंच राहिलं.

वकील मात्र जागेवरून हलली नव्हती. तिने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. हे धरायचं नाही, म्हणाली. तिने चेंडू मारला नव्हता, ती बोलत होती आणि चेंडू मध्ये आला. शिवाय चेंडू आधीच मेलेला होता. आणि इंजिन धावत आला नव्हता, इंजिन फेकत होता. वर्गाने तिची समजूत घातली, मग गयावया केली, मग तिला वेडी म्हटलं. मीही म्हणाले, अगं लागली ना. ती म्हणाली, सरांना तुम्ही असं सांगाल का?

मी तास संपवला. पण घरी जाताना मला एक गोष्ट दिसत राहिली. चेंडू जवळ आला होता, अगदी नाकासमोर, आणि तिचे डोळे टक्क उघडे होते. भांडताना ती माझ्याकडे बघत होती. मी जिथे उभी राहते तिथूनच चेंडू येतो.

शेवटच्या दिवशी अर्धाच तास मिळाला. उरलेल्या वेळात मुख्याध्यापिका बाईंना निकालाच्या रांगा लावायच्या होत्या. मी इंजिनला फाटकाशी गाठून सांगितलं, की आज शिट्टी नको, आवाज नको, मी काहीही बोलत असले तरी तू यायचंस. आणि खरा चेंडू टाकायचास, नेहमीचा. त्याला शिट्टी सोडणं जड गेलं, पण तो कबूल झाला.

आता प्रश्न माझा होता. मला भांडता येत नाही. आमच्या घरात मी आणि बाबा सारखेच, राग आला की एकीने पुस्तक उघडायचं आणि दुसऱ्याने बॅटला तेल लावत बसायचं. बॅट वर्षातून इतक्या वेळा तेल पित असे, की आई म्हणे, या घरात सगळ्यात समजूतदार तीच. वाटेत मी भांडायला विषय शोधत होते. पुढचा पाय, मेलेला चेंडू, अक्षर. सगळे लुटुपुटूचे वाटत होते, आणि वकिलाला लुटुपुटूचं भांडण लगेच ओळखू येई.

ती बसची वाट बघत उभी राहिली. मी माझ्या जागी उभी राहिले, आणि जे माझ्या मनात आहे हे मलाच माहीत नव्हतं, ते म्हणाले.

"तुला एक सांगू का, आता नाही लागली तरी काही बिघडत नाही. सर गेले. माणूस गेला की त्याचा शब्दही गेला."

तिने माझ्याकडे पाहिलं. कोणीतरी कानफटात मारल्यासारखं.

"असं नसतं."

मी म्हणाले, असंच असतं. देणारा नाही, मग द्यायचं कोणी?

"सर नाहीत म्हणून दोन आणि दोन पाच होतात का?" तिचा आवाज चढला. तिने बॅट सोडली नव्हती, उलट ती मुठीत आवळली होती. इंजिन फाटकापासून निघाला होता. चपलांचा आवाज येऊ नये म्हणून त्याने चपला काढल्या होत्या. सरांनी शिकवलेलं दार आम्हाला अजून लावता येतं, ती म्हणत होती, ते काही सरांबरोबर गेलं नाही. आजोबांनी शिवलेली पँट आजोबा घरी आले म्हणून उसवते का?

मी म्हणाले, पँट वेगळी आणि शब्द वेगळा. माझाही आवाज चढला होता, आणि तो माझ्या ओळखीचा नव्हता. ते म्हणाले होते करीन, आणि केलं नाही. आता ते येऊन करणार आहेत का?

"त्यांनी नाही करायचं," ती ओरडली, "मी करायचंय. बॅट माझी आहे."

चेंडू माझ्या खांद्याजवळून गेला. तिचे डोळे माझ्यावर होते, मग चेंडूवर आले, आणि उघडेच राहिले. तोंडही उघडं होतं, पुढचं वाक्य तयार होतं. तिने दार लावलं नाही, ओटा पुसला नाही. जे केलं त्याला वर्गात नाव नव्हतं. बॅट आणि चेंडू एकमेकांना भेटले, आणि चेंडू माझ्या शेजारून, इंजिनच्या पायांमधून, सिमेंटवर टपटप करत फाटकाच्या दिशेने निघाला. फार जोरात नाही. चालायला शिकलेल्या मुलासारखा.

कोणीच तो अडवला नाही. अडवायचं कोणाला सुचलं नाही. इंजिनने मागे वळून पाहिलं आणि अडवून ठेवलेली सगळी शिट्टी एकदम दिली.

वकील जागेवर उभी होती. वाद कुठे तुटला ते तिला सापडत नव्हतं. तिने बॅटकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी वाट बघितली, की आता काय हरकत निघते. हरकत निघाली नाही. तिने बारीक आवाजात विचारलं, "आता काय करायचं?"

वर्ग ओरडला, पळ. ती म्हणाली, कुठे?

आणि माझ्या लक्षात आलं, की हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. वर्षभर तिच्या बाबतीत गोष्ट इथवर आलीच नव्हती. बाबांनी शब्द दिला होता तो बॅट लागण्याचा. लागल्यावर पुढे काय, ते त्यांच्याही मनात आलं नसावं, किंवा ते पुढच्या वर्षासाठी ठेवलं असावं.

मी तिच्याकडे गेले. गेले म्हणजे पळत गेले. तिचा हात धरला, म्हणाले, इकडे, आणि आम्ही दोघी निघालो. तिच्या दुसऱ्या हातात बॅट होती, ती सिमेंटवर खरखरत येत होती. माझी एक चप्पल पहिल्याच चार पावलांत गेली. यष्टिरक्षक मागून कळवळून सांगत होता, की दोघींनी पळायचं नसतं, सरताई आउट आहेत. भिंतीवरून आई काहीतरी म्हणत होती, ते ऐकू आलं नाही. समोरच्या रेघेपर्यंत पोचलो की थांबायचं असतं. तिला ते माहीत नव्हतं, आणि मला माहीत होतं तरी माझे पाय थांबेनात. रेघ गेली, इंजिन गेला, तो आमच्या बरोबरीने थोडा वेळ धावला आणि मागे पडला. मुख्याध्यापिका बाई खिडकीत उभ्या राहून निकालाचे कागद छातीशी धरून बघत होत्या. आम्ही चेंडूला गाठलं, ओलांडलं आणि फाटकाच्या लोखंडी गजांना जाऊन थडकलो.

वकील गजांना धरून धापा टाकत होती. मीही. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि मी ते पुसलं नाही, कारण पुसायला हात मोकळा नव्हता. तिने माझ्याकडे जवळून पाहिलं, नीट, टक लावून. मग मागे वळून सगळा चौक पाहिला, रेघेपर्यंत, डब्यापर्यंत, तिथून उड्या मारणाऱ्या वर्गापर्यंत.

"इथून परत जायचं असतं का?" तिने विचारलं.

मी म्हणाले, जायचं असतं. पण आधी जरा दम घेऊ.